मलाक्कात समुद्र शोधत फिरले तेव्हा

क्वालालंपूरहून मलाक्का बसने दोनेक तासांवर. बंदराचं शहर म्हणून गेले, तर समोर आला तो लाल रंग: डचांची स्टॅडहाउस ही जुनी कचेरी, १७५३ सालचं क्राइस्ट चर्च आणि ठणाणा गाणी लावून फिरणाऱ्या सायकलरिक्षा. समुद्राचा पत्ताच नाही. म्हटलं, आता जुना किनाराच शोधू.

टेकडीच्या पायथ्याशी पोर्ता द सांतियागो हा दरवाजा आहे. १५१० साली गोवा घेणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं आणि इथे किल्ला बांधला. इंग्रजांनी पुढे तो पाडला, उरला एवढा दरवाजा. त्याच्या कमानीवर मात्र साल १६७० आणि चिन्ह नंतर आलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं! पूर्वी समुद्र याच्या जवळ होता. आता समोर रस्ता आणि मॉल, सगळी भरावाची जमीन.

घाम पुसत वर चढले. सेंट पॉल चर्चला छप्पर नाही, भिंतींना टेकवलेल्या डच थडग्यांच्या शिळा मात्र माणसापेक्षा उंच. आत जाळी लावलेली एक रिकामी कबर आहे. जुन्या गोव्याला ज्याच्या दर्शनाला रांगा लागतात, त्या फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये काही महिने इथे होतं, मग गोव्याला नेलं. सामुद्रधुनी दिसली ती या टेकडीवरून, तीही इमारतींच्या पलीकडे.

नदी ओलांडली की जुनी वस्ती. हीरेन स्ट्रीटची घरं तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. समुद्राकडच्या रांगेची परसदारं एकेकाळी थेट पाण्यावर उघडायची. म्हणजे किनारा इथे होता तर!

मी सर्वांत जास्त रेंगाळले ते सोनारांच्या गल्लीत. १७८१ सालचं गणपतीचं देऊळ, शेजारी पॅगोड्यासारख्या मिनाराची मशीद, पुढे चिनी चेंग हून तेंग मंदिर. हे सगळं शेजारी-शेजारी असण्याचं कारण वारा. भारतातली जहाजं नैर्ऋत्य वाऱ्यावर यायची, चीनची ईशान्य वाऱ्यावर, आणि वारा उलटेपर्यंत महिनोन्‌महिने मुक्काम. काहींनी इथेच संसार मांडले. हे गणपतीचं देऊळ चेट्टींचं: मूळचे तमिळ व्यापारी, आज घरी बोलतात मलय, पूजा मात्र हिंदूच.

मध्ये चेंडोल खाल्लं. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि वरून माडाचा गूळ. कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही. जोंकर स्ट्रीटचा शुक्रवार ते रविवारचा रात्रबाजार मी टाळला. गर्दीत घरांचे दर्शनी भाग दिसतच नाहीत. सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन असह्य होतं.

पाण्याला अगदी भिडायचं तर सामुद्रधुनीवरच्या खांबांवर उभ्या मशिदीकडे जावं लागतं. पण ते बेटही भर टाकून केलेलंच! तिथवरच्या रस्त्याला सावली नाही. तेवढं अंतर मी टॅक्सीने गेले.