सिस्टर उत्तर देत नव्हत्या

बाबा गेले ते जुलैत, संत्र्याच्या आंबिया बहराची फळगळ सुरू असताना. त्यानंतर चार महिने माझी प्रार्थना आटली. आईसोबत रोज संध्याकाळी रोझरीला, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेला बसायचो, ओठ हलायचे, मणी सरकायचे, आत मात्र काहीच नाही. अशा माणसाने रविवारी पोरांना धर्मशिक्षण कोणत्या तोंडाने द्यायचं? वर्ग सोडतो म्हणून फादरांना सांगितलं. ते म्हणाले, आधी अमरावतीला सिस्टरांना भेटून ये.

वरूडहून एसटीने गेलो. याला आध्यात्मिक मार्गदर्शन म्हणतात हेही तेव्हा माहीत नव्हतं. हे कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली देणं नव्हे, इथे पापक्षमा मिळत नाही. म्हणून मार्गदर्शक धर्मगुरूच हवा असंही नाही. महिन्यातून एकदा तासभर बसायचं, देवाचं आणि आपलं काय चाललंय ते बोलायचं.

मला वाटलं, एखादी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना सांगतील, उपवास सांगतील. त्यांनी मेणबत्ती लावली आणि गप्प बसल्या. मग विचारलं, "प्रार्थनेला बसल्यावर काय होतं?"

"काहीच नाही."

"ते 'काहीच नाही' कसं असतं, सांगा."

मी संत्र्याचं सांगितलं. डिसेंबरात पाणी तोडून झाड ताणावर सोडतो, तेव्हा कुठे बहर फुटतो. देवानेही मला तसंच ताणावर सोडलं असेल. त्या म्हणाल्या, "असेलही. पण ही तुम्ही घातलेली समजूत झाली. बाबांचं नाव घेता तेव्हा मनात काय येतं?"

"राग," मी म्हटलं. हा शब्द तोंडातून कसा निघाला, मलाच कळलं नाही. नंतर किती तरी वेळ रडलो.

त्यांनी बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायला दिलं. त्याचा शेवट अंधारातच होतो. देवाला असंही बोलता येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस यांची गोष्ट सांगितली. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून ते अंथरुणाला खिळले. तिथे त्यांच्या ध्यानात आलं, की शौर्याची स्वप्नं रंगवली की नंतर मन कोरडं पडतं, संतांचा विचार केला की आनंद मागे उरतो. त्यातूनच मनातल्या या हालचाली ओळखायची रीत घडली. त्यांचा एक नियम मला फार उपयोगी पडला: मन उजाड असताना आधीचा निर्णय बदलू नये. वर्ग सोडला नाही. सिस्टरांनी सोडू नका म्हटलं नव्हतं, नियम तेवढा सांगितला होता.

रोज रात्री दिवसाची उजळणी करायची. आधी आभार, मग आज देवाजवळ कुठे होतो, दूर कुठे गेलो. पहिला आठवडा वहीत "ओलित केलं, जेवलो" एवढंच लिहिलं. पुढे एका रात्री लिहिलं गेलं, की बाबांचा विळा धार लावायला काढला आणि तसाच परत ठेवला. त्या विळ्यावर पुढच्या भेटीचा अख्खा तास गेला.

फेब्रुवारीत एकदा रोझरी चालू असताना मी मध्येच थांबलो आणि मोठ्याने विचारलं, "देवा, बाबांना का नेलंस?"

आईचा मणी बोटातच थांबला. "मी बी हेच इचारतो देवाले रोज," ती म्हणाली, आणि पुढचा मणी धरला.