सस्तन प्राणी उघडेनात

आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवीची. पट ८४. लोकवर्गणीतून नऊ टॅब आले, चार जुने संगणक आधीपासून होते आणि ग्रामपंचायतीने फायबरचं कनेक्शन ओढून दिलं. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की सरकारच्या 'दीक्षा' ॲपवरचा धडा मुलांसमोर उघडायचा. या सगळ्याचं मला फार कौतुक होतं. नेट उघडं सोडलं तर काय होऊ शकतं, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

पाचवीतली एक मुलगी कवितेची चाल शोधत होती. गाणी फुकट उतरवून देणाऱ्या कुठल्याशा साइटवर ती पोचली आणि पडदाभर एक घाणेरडी जाहिरात उघडली. तिने टॅब पालथा घातला आणि गप्प बसून राहिली. मी त्याच खोलीत होते, मला कळलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी तिची आई आली. म्हणाली, "मॅडम, पोरगी टॅबला हात लावायला नको म्हणते. काय झालं ते आजीला सांगितलंय, मला नाही." त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जड झाले होते.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यामुळे जे बोललं गेलं ते घराघरातलं बोलणं होतं. एक वडील म्हणाले, नेटच काढून टाका. त्यावर एक आई उठली. "आमच्या घरात मोबाइल एकच, तो ह्यांच्याबरोबर कामावर जातो. माझ्या पोरीला नेट दिसतं ते शाळेतच. ते काढलं तर तिनं कुठं शिकायचं?" नेट ठेवायचं, पण गाळून द्यायचं, असं ठरलं. काम माझ्याकडे आलं.

सोपं ते आधी केलं. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी एक सेवा असते, तिला डीएनएस म्हणतात. नको त्या साइटचा पत्ताच न देणाऱ्या अशा काही सेवा फुकट मिळतात. राउटरच्या सेटिंगमध्ये मी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अशा सेवेचे १.१.१.३ आणि १.०.०.३ हे पत्ते भरले. दहा मिनिटांचं काम. अश्लील साइट बंद झाल्या, पण गूगलच्या चित्रांत आणि यूट्यूबवर नको ते दिसतच होतं, कारण डीएनएसला साइटचं फक्त नाव कळतं, आतलं पान दिसत नाही. मग क्लीनब्राउझिंग या दुसऱ्या सेवेचा कुटुंबांसाठीचा फिल्टर लावला, १८५.२२८.१६८.१६८. शोधात येणारं घाणेरडं गाळणारा गूगलचा सेफसर्च आणि यूट्यूबचा मर्यादित मोड तो सक्तीने चालू ठेवतो. मर्यादित मोडमध्ये व्हिडिओखालच्या कमेंटही दिसत नाहीत. माझ्या मते निम्मी घाण तिथेच असते.

सातवीतल्या एका मुलाने टॅबच्या सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट डीएनएस' बदलला आणि सगळं पुन्हा उघडून दाखवलं. मी त्याला रागावले नाही. त्यालाच बरोबर घेऊन नऊही टॅबमध्ये फिल्टरचा पत्ता भरला आणि सेटिंगला पिन लावला.

खरी अडचण संगणकांवर आली. तालुक्याच्या दुकानातून आणलेलं एक सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर वाचून ठरावीक शब्द दिसले की पान अडवायचं. त्याची यादी सगळी इंग्रजी होती. मराठीतली घाण त्याला कळत नव्हती आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी तर मुळीच नाही. म्हणून मी आणि आमचे एक सर दोन संध्याकाळी बसलो आणि मराठी शब्दांची यादी भरली. शिव्या, त्यांची इंग्रजी अक्षरांतली चार-चार स्पेलिंगं आणि शरीराच्या अवयवांची नावं.

आठवडाभरात सहावीच्या विज्ञानाच्या तासाला 'सस्तन प्राणी' उघडेना. वटवाघूळ उघडलं, पण त्यात 'सस्तन' आलं की पान गायब. देवमाशाचंही तेच. मग व्याकरणाचं पान अडलं, कारण पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग या तिन्हींत 'लिंग' आहे. सहलीसाठी भीमाशंकरची माहिती काढायला बसलो तर ज्योतिर्लिंगही अडलं. शब्दाच्या पोटातला शब्द यंत्राला वेगळा कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये 'पूर्ण शब्द जुळला तरच अडवा' असा पर्याय होता, तो लावून पाहिला. त्याने प्राणी सुटले, पण आपल्या भाषेत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मूळ शब्द अडायचा आणि त्यालाच 'ला', 'ची', 'त' लागलं की तो बिनबोभाट आत यायचा.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सातवीच्या मुलींना मासिक पाळीबद्दल वाचायला सांगितलं होतं. त्या संगणकासमोर बसल्या आणि पडद्यावर लाल पाटी आली, 'अयोग्य मजकूर'. एका मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खिडकी बंद केली. जी गोष्ट लपवायची नाही असं मी वर्षभर त्यांना सांगत होते, तिला शाळेच्याच संगणकाने घाण ठरवलं होतं. चांगला आणि वाईट स्पर्श समजावणारं एक पानही त्याच यादीने अडवलं होतं. म्हणजे ज्या मुलीला मदत हवी असेल तिच्याच तोंडावर आम्ही दार लावत होतो.

त्या रात्री यादी नव्याने केली. अवयवांचे सुटे शब्द सगळे काढले. शरीराच्या भागाचं नाव ही शिवी नाही. शिव्या आणि घाणेरड्या साइटवर हमखास येणारे जोडशब्द तेवढे ठेवले. आता काही गोष्टी निसटतात, हे मी समितीत स्पष्ट सांगितलं. जे निसटतं त्यासाठी शिक्षक खोलीत हवा. तेव्हापासून टॅबचे पडदे खोलीच्या मधल्या बाजूला वळवून मुलं बसतात आणि मी फिरत राहते.

कोणत्या मुलाने काय शोधलं ते रोज पालकांच्या मोबाइलवर पाठवायची सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. दोन-तीन पालकांना ती हवी होती. मी नाही म्हटलं आणि त्यावर ठाम राहिले. मासिक पाळीबद्दल शोधणाऱ्या मुलीची यादी बापाच्या हातात गेली तर ती पुन्हा काही विचारणार नाही. शिवाय २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो, त्यांची माहिती गोळा करायची तर आपण दहा वेळा विचार करायला हवा.

त्याऐवजी एक दोनशे पानी वही ठेवली. डाव्या पानावर 'हे उघडत नाही', उजव्या पानावर 'हे उघडायला नको होतं'. नाव लिहायची सक्ती नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर चाइल्डलाइनचा १०९८ आणि सायबर मदतीचा १९३० हे क्रमांक लिहिले. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांना वापरून केलेल्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते, हे पालकसभेत मोबाइलवर उघडून दाखवलं. कितीतरी जणांना ते ठाऊक नव्हतं.

डावं पान लवकर भरलं. उजवं महिनाभर कोरं होतं. मग एके दिवशी तिथे पेन्सिलने बारीक अक्षरात एका गेमच्या साइटचं नाव आणि पुढे 'जाहिरात' एवढाच शब्द दिसला. अक्षर मी ओळखलं. पाचवीतल्या त्या मुलीचंच. दुपारी ती साइट बंद केली आणि ओळीपुढे बरोबरची खूण केली. सुट्टी झाल्यावर ती वहीपाशी थांबली, खूण पाहिली आणि दप्तर घेऊन गेली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वीज पडून राउटर जळालेला, नवीन बसवलेला आणि त्यात एकही पत्ता भरलेला नाही. आता ते आकडे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत. या वर्षी ते भरायचं काम सातवीकडे दिलं आहे.