जुन्या नळजोडणीवर नवा डिशवॉशर : शनिवार ते मंगळवारच्या नोंदी

अकरा वर्षे वापरलेल्या डिशवॉशरची मोटर जळाल्यामुळे त्याच जागी बसणारे, ६० सेंटिमीटर रुंदीचे नवे यंत्र घेतले. जागा, नळ आणि १६ अँपिअरचे सॉकेट तयारच असल्याने केवळ नळ्या बदलायच्या आहेत, असा माझा समज होता. प्रत्यक्षात चार दिवस लागले आणि त्यातील बहुतेक वेळ जुन्या जोडणीवरच गेला.

शनिवारी ओट्याखालचा अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी बंद-चालू करणारा छोटा नळ) बंद करून जुनी इनलेट नळी, म्हणजे यंत्रात पाणी आणणारी नळी सोडवली, तेव्हा कॉकमधून थेंब थेंब पाणी येतच राहिले. एवढ्या वर्षांत तो कोणी फिरवलाच नव्हता. स्वयंपाकघराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून तो काढला आणि भिंतीकडे अर्धा इंची, नळीकडे पाऊण इंची आटे असलेला पितळी कॉक बसवला. भिंतीतला पाइप सीपीव्हीसी या कडक प्लास्टिकचा असून त्याच्या एल्बोमध्ये (काटकोनी जोडात) पितळी आटे बसवलेले आहेत; पान्याने जादा जोर लावल्यास एल्बोच फरशीमागे तडकू शकतो, म्हणून टेफ्लॉन टेपचे वेढे नीट देऊन कॉक आधी हाताने आणि मग पान्याने जेमतेम एक वेढा फिरवला.

पुढची अडचण नव्या नळीची होती. गळती झाल्यास पाणी आपोआप तोडणारी झडप या नळीच्या नळाकडील टोकावरच, एका ठोकळ्यात बसवलेली असते, आणि तो ठोकळा भिंतीला टेकल्यामुळे नट आट्यांवर सरळ बसेना. तिरका नट रेटून बसवण्याचा मोह कृपया टाळावा. रविवारी पाऊण इंची एक्स्टेंशन निपल (लांबी वाढवणारा, आटे असलेला छोटा जोड) आणून कॉक आणि नळी यांमध्ये जोडल्यावर ठोकळ्याला हवी तेवढी जागा मिळाली. जुनी नळी वरवर चांगली दिसत असली, तरी ती पुन्हा वापरली नाही. तिचे रबर आतून किती कडक झाले आहे, हे बाहेरून कळत नाही.

पाणी सुरू करताच नटाखालून बारीक धार लागली. नट आणखी आवळला, तरी ती थांबली नाही. नळी काढून निपलच्या तोंडावर बोट फिरवले, तेव्हा कडेला काळा, चिकट थर लागला. शनिवारी जुन्या नळीच्या टोकातून निसटलेला वायसर (रबरी चकती) मी नवा समजून हाताशी ठेवला होता आणि तोच निपलवर बसवला होता. नळीत तिचा स्वतःचा वायसर असल्याने एकावर एक दोन वायसर आले होते. अशा नळीच्या नटाला पाणी अडवण्याचे काम आटे करत नाहीत, तर आत सपाट बसलेला वायसर करतो. म्हणूनच तिथे टेप गुंडाळून काहीच साधत नाही. जुना वायसर काढून निपलची कड पुसली आणि नट केवळ हाताने आवळला. खाली पसरलेला कागद रात्रभर कोरडा राहिला.

सोमवारी निचऱ्याकडे वळलो. जुन्या यंत्राची निचरा नळी थेट जमिनीलगतच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेली होती. नळीचे तोंड यंत्रातील पाण्याच्या पातळीखाली राहिले, तर सायफन होऊन भांडी धुण्याचे पाणी आपोआप ओढले जाऊ शकते. म्हणून नळी ओट्याच्या खालच्या बाजूला क्लिपने उंच अडकवून तिथून सिंकच्या बॉटल ट्रॅपच्या (सिंकखालच्या बाटलीसारख्या सांडपाणी जोडाच्या) फाट्यावर आणली आणि क्लॅम्प आवळला. उंच वळसा दिल्यामुळे सिंकमधले खरकटे पाणी उलटे यंत्रात शिरण्याची शक्यताही कमी होते.

पाण्याच्या दाबाची मला विशेष चिंता होती. आमचे घर वरच्या मजल्यावर असून पाणी गच्चीवरील टाकीतून येते. दहा मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे दाबाचे एकक) या हिशेबाने आमच्याकडे ०.६ बार मिळतो आणि पुस्तिकेत किमान ०.५ बार सांगितला आहे. फरक अगदी थोडा आहे. नळाला बादली लावून पाहिल्यावर मिनिटाला ११ लिटर पाणी भरले, तेव्हा पंप लावण्याचा विचार सोडला.

मंगळवारी पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची तपासणी केली. सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे पाणी मिसळले जात असल्याने तपासणीच्या पट्टीवर ३५० पीपीएम (दशलक्षात ३५० भाग), म्हणजे कठीणपणा मोजण्याच्या जर्मन अंशांत सुमारे २० दिसले, त्यानुसार यंत्रातील पाणी मृदू करण्याची सेटिंग बदलली. त्यासाठी लागणाऱ्या मिठाच्या कप्प्यात पहिल्यांदा पाणी आणि नंतर मीठ भरले. सांडलेले खारे पाणी स्टीलवर राहू नये म्हणून लगेच पहिली धुलाई लावली. धुलाई चालू असताना टॉर्च घेऊन ओट्याखाली बसलो होतो. निचरा सुरू होताच नळी किंचित थरथरली, परंतु ट्रॅपचा जोड कोरडा होता. येत्या रविवारी कॉक आणि क्लॅम्प पुन्हा हाताने तपासणार आहे.