फळाचा वास येणारा ब्रेड

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पांढरा ब्रेड घरी करायला लागून मला वर्ष होत आलं. मळणं, फुगवणं, भाजणं यांवर फार लिहीत नाही, चार वेळा केलं की हात बसतो. पण मधले सहा आठवडे मी ज्या एका जागी अडकले होते, त्याबद्दल मी वाचलेल्या एकाही पाककृतीत अक्षर नव्हतं. ब्रेड ओव्हनमधून बाहेर आला की पाककृती संपते. माझी अडचण तिथून पुढे सुरू झाली, आणि त्याचा राग अजून मनात आहे.

आधी विकतचाच शोधला होता. पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत मिसळलेल्या पदार्थांचे आकडे असतात, ते वाचायला शिकले. 280 ते 283 म्हणजे प्रोपिओनिक आम्ल आणि त्याचे क्षार, त्यांतलं 282 म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट ब्रेडमध्ये सर्रास असतं. 200 आणि 202 म्हणजे सॉर्बिक आम्ल आणि पोटॅशियम सॉर्बेट. 471 किंवा 481 दिसलं तर ते इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारे पदार्थ, 300 म्हणजे क जीवनसत्त्व, ही प्रिझर्व्हेटिव्ह नव्हेत. सुरुवातीला मी सगळ्यांनाच घाबरत होते, त्याची गरज नव्हती. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं पुढे छापलेलं एक पाकीट मिळालं, तर मागे आंबवलेलं गव्हाचं पीठ लिहिलेलं. असं पीठ बहुधा प्रोपिओनिक आम्ल तयार करणारे जिवाणू वापरूनच आंबवतात, म्हणजे तेच आम्ल दुसऱ्या वाटेनं आत येतं. मला मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर आणि तेल एवढंच हवं होतं, म्हणून घरी करायचं ठरवलं.

माझं माप: 500 ग्रॅम मैदा, 325 ग्रॅम पाणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 20 ग्रॅम साखर, 25 ग्रॅम तेल. 190 अंशांवर साधारण 35 मिनिटं. मैद्यात प्रथिनं कमी असतील तर पाणी 20-25 ग्रॅमनं कमी करा. थंडीच्या दिवसांत केलेले पहिले ब्रेड सुरेख झाले आणि तीन-तीन दिवस टिकले.

मग उन्हाळा लागला. एका संध्याकाळी मुलगी स्लाइस तोंडाजवळ नेऊन थांबली आणि म्हणाली, “आई, यात फळ घातलंस का?” मी हुंगून पाहिलं. खरंच, अति पिकलेल्या खरबुजासारखा गोडसर वास येत होता. ब्रेड आदल्या दिवशीचाच होता. वरून स्वच्छ, बुरशीचा ठिपका नाही, पण मधला भाग ओलसर आणि किंचित पिवळट झालेला.

मला वाटलं, कच्चा राहिला. पुढचा ब्रेड दहा मिनिटं जास्त भाजला. वरचं कवच कडक झालं, आतला वास तोच. यीस्ट जास्त झालं असेल म्हणून अर्धं केलं, तर फुगायला दुप्पट वेळ लागला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खरबूज. थर्मामीटर आणला. ओव्हनमधून काढताना मधलं तापमान 96 अंश, म्हणजे भाजण्यात काही कमी नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी तेच. सहा ब्रेड फेकले. घरच्यांनी विकतचा आणायला सुरुवात केली होती आणि मला अडवताही येत नव्हतं. सहावा ब्रेड फेकण्याआधी मी हातानं दोन तुकडे केले, तर मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चिकट धागे ताणले गेले.

ते धागे पाहिले म्हणून सुटका झाली. बेकरीत काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी हे वर्णन सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “ताई, गरम असताना गुंडाळून ठेवता का?”

ठेवत होते. कवच मऊ राहावं म्हणून ओव्हनमधून काढलेला ब्रेड लगेच जाड कापडात गुंडाळायचा, हे मी पाककृतीतच वाचलं होतं. रात्री भाजायचे, गुंडाळायचे, डब्यात घालून झोपायला जायचे.

या बिघाडाचं इंग्रजी नाव ‘रोप’, म्हणजे दोरी, त्या धाग्यांवरून. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू पिठात असतात. बुरशीचे बीजाणू भाजताना मरतात. ब्रेडवर दिसणारी बुरशी नंतर हवेतून, सुरीवरून, हातांवरून येते. बॅसिलसचे बीजाणू मात्र भाजण्यातून तगतात, कारण ओव्हन कितीही तापवला तरी ब्रेडच्या आतलं तापमान शंभर अंशांपलीकडे जात नाही. नंतर ऊब आणि ओल मिळाली की ते रुजतात आणि आतला मऊ भाग पचवायला लागतात. मी कापडात गुंडाळून नेमकी तीच ऊब रात्रभर पुरवत होते. कॅल्शियम प्रोपिओनेट बुरशीसोबत या जिवाणूलाही रोखतं. ते नको असेल तर त्याचं काम आपल्याला करावं लागतं, एवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी माझे सहा आठवडे वाचले असते.

उपाय साधे निघाले. ब्रेड लगेच साच्यातून काढायचा, जाळीवर ठेवायचा, खालूनही वारा लागला पाहिजे. दोन ते तीन तास हात लावायचा नाही. बाहेरून गार लागला तरी आत कोमट असतो, त्या वेळी कापला तर चिकट लागतो आणि पिशवीत भरला तर आतून पाणी सुटतं. पिठात एक टेबलस्पून पांढरं व्हिनेगर घालते, कारण या जिवाणूला आंबटपणा सोसत नाही. चव कळत नाही. साचा, जाळी, पाट, सुरी, डबा एकदा सगळं धुऊन व्हिनेगरनं पुसून घेतलं आणि जुना मैदा टाकून दिला. वास आलेला ब्रेड भाजूनही खाऊ नका, सरळ टाका. कवच मऊ हवं असेल तर गरम असतानाच वरून थोडं तेल लावा. गार झाल्यावर पिशवीत ते आपोआप मऊ पडतं.

सातवा ब्रेड दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पुन्हा हुंगला. फक्त ब्रेडचा वास होता. मला रडू यायचंच बाकी होतं.

आधी सांगायचं राहिलं: मीठ अंदाजानं घालू नका, वजन करा. आणि ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका. बुरशी उशिरा येते खरी, पण त्या थंडाव्यात ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि भुसभुशीत होतो. फ्रीझर मात्र उत्तम. उणे 18 अंशांवर शिळेपणा जवळजवळ थांबतो. स्लाइस आधी कापून ठेवा, लागतील तशा काढून थेट टोस्टरमध्ये घाला.

मी आता रात्री ब्रेड भाजत नाही. सकाळी पीठ भिजवते, दुपारी ब्रेड जाळीवर येतो, संध्याकाळी कापते. चार स्लाइस बाहेर ठेवते, बाकी सगळ्या त्याच दिवशी फ्रीझरमध्ये जातात.