पंपाच्या मोटारीकडून विमानाच्या मोटारीकडे : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं काम. जळालेले पंप यायचे. तांबं काढायचं, नवं वाइंडिंग भरायचं, वार्निश करून भट्टीत. मोटार उष्णतेने मरते, हे आम्ही तिथेच शिकलो.

२०२१ मध्ये ड्रोनचे नियम सुटसुटीत झाले, पुढच्या फेब्रुवारीत तयार परदेशी ड्रोनची आयात बंद झाली आणि सरळ वर उठणारी मालवाहू विमानं बनवणारे आमच्या शेडमध्ये येऊ लागले. "किती किलोवॉटची देता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आम्ही विचारतो, पंख्याचा व्यास किती? १०० किलोचं यंत्र दीड मीटरच्या चार पंख्यांवर तरंगत ठेवायला कागदावर साडेसात किलोवॉट लागतात, प्रत्यक्षात दहा-अकरा. व्यास निम्मा केलात की शक्ती दुप्पट. लेहच्या उंचीवर हवा जवळपास ३० टक्के विरळ, म्हणजे शक्ती आणखी वाढवा. शिवाय मोटार थंडही कमी होणार.

सरळ वर उठण्याची ही अडचण जुनीच. जर्मनीचं डॉर्निए डीओ ३१ हे सरळ वर उठणारं वाहतुकीचं विमान १९६७ मध्ये उडालं. दोन पेगॅसस जेट इंजिनं, ज्यांचा झोत खालीही वळवता यायचा, आणि पंखांच्या टोकांना केवळ उचलण्यासाठी आठ लहान जेट. पुढच्या सगळ्या प्रवासात ती आठही नुसतं ओझं! १९७० मध्ये प्रकल्प गुंडाळला.

आजच्या बऱ्याच मालवाहू ड्रोनमध्येही उचलणाऱ्या मोटारी वर गेल्यावर बंदच असतात. पण विजेची मोटार थोडा वेळ दामटता येते. पंपाची मोटार एस-१ ड्यूटीची, तासन्‌तास चालणारी. ही उचलणारी मोटार एस-२, म्हणजे थोड्या वेळाची, दोन-तीन मिनिटांची. तेवढ्यात तांबं किती तापेल याचा नीट हिशेब केला की मोटार बरीच हलकी होते. आमचा धंदा खरं तर या हिशेबाचाच.

अडचण चुंबकाची. मोटारीतला निओडिमियमचा चुंबक तापला की ताकद घालवतो, म्हणून त्यात डिस्प्रोशियम हा दुर्मिळ धातू घालतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि आमचा माल अडकला. मग एकेका चुंबकाचे तुकडे करून चिकटवले. त्यामुळे चुंबकात फिरणारे विजेचे भोवरी प्रवाह घटतात, चुंबक कमी तापतो, डिस्प्रोशियम कमी असला तरी भागतं. जोडणीला वेळ मात्र दुप्पट.

सध्या आठ मोटारींपैकी एक बंद पडली तर उरलेल्या किती वेळ तग धरतील, याच्या चाचण्या चालू आहेत. चाचणीच्या स्टँडच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार रास्त आहे, म्हणून या चाचण्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला घेतो.