आमची वाटचाल : चांदीच्या डॉलरची पारख

न्यू जर्सीत एडिसनला आम्ही नवरा-बायकोने नाण्यांचं दुकान थाटलं ते २००९ मध्ये. त्याआधी मी पुण्यात सराफी पेढीवर होतो. कस, घट, मोड हे अंगवळणी पडलेलं. चांदी हातात आली की पहिलं वजन करायचं. पण मॉर्गन डॉलरला, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या डॉलरला, नुसतं वजन पुरत नाही. २६.७३ ग्रॅमचं नाणं, ९० टक्के चांदी. पण एकाला मोडीपेक्षा जेमतेम जास्त मिळतात, तर तसंच दिसणारं दुसरं हजारो डॉलरला जातं.

२०११ च्या एप्रिलमध्ये चांदी औंसाला ४८ डॉलरच्या वर गेली आणि लोक आजोबांचे डबेच्या डबे घेऊन यायला लागले. आम्ही ठरवलं, नाणं न्याहाळल्याशिवाय ढिगात टाकायचं नाही. मागच्या बाजूला पानांच्या माळेखाली टांकसाळीची खूण असते : 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी, 'एस' सॅन फ्रान्सिस्को, 'ओ' न्यू ऑर्लिन्स; खूण नसेल तर फिलाडेल्फिया. नाणी किती पाडली, एवढ्यावरही विसंबता येत नाही. चांदीचे डॉलर वितळवायला मुभा देणाऱ्या १९१८ च्या पिटमन कायद्यानंतर २७ कोटी डॉलर वितळवले गेले, आणि त्यात कोणत्या सालचे किती गेले याचा हिशेबच ठेवलेला नाही.

आमची खरी कसोटी लागते ती १८९३ च्या 'एस' डॉलरला. पाडले अवघे १ लाख. त्यामुळे त्याच सालच्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर 'एस' चिकटवून विकणारे खूप. आम्ही आधी नाण्याची दर्शनी बाजू भिंगाखाली धरतो. ही सगळी अस्सल नाणी एकाच दर्शनी ठशाने पाडलेली आहेत आणि त्या ठशामुळे 'लिबर्टी'तल्या 'टी'च्या माथ्यावर एक बारीक, तिरकी, उठावाची रेघ आली आहे. फार न झिजलेल्या नाण्यावर ती दिसायलाच हवी.

सगळ्यात जीव तुटतो तो घासलेलं नाणं पाहून. आपल्याकडे देवाची उपकरणी लख्ख करायची सवय, डॉलरही त्याच मायेने घासला जातो. मग पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या संस्था ते अस्सल ठरवतात, पण ७० पर्यंतच्या श्रेणीतला आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' लिहून परत करतात. किंमत तिथेच उतरते. काळवंडलेलं असेल तर तसंच आणा, कृपा करून.

प्रमाणपत्र आम्ही देत नाही. ते या संस्थाच नाणं सीलबंद डबीत घालून देतात. आम्ही लेखी मूल्यांकन करतो, त्याची फी वेगळी घेतो आणि ज्याची किंमत सांगितली ते नाणं त्याच दिवशी विकत घेत नाही. गिऱ्हाइकाला चार ठिकाणी विचारायला वेळ मिळावा, एवढाच हेतू. झिजलेला १९२१ चा डॉलर पाठवायचाच नाही, असंही स्पष्ट सांगतो. एकट्या फिलाडेल्फियात तो त्या वर्षी जवळपास साडेचार कोटी पाडला. प्रमाणपत्राचा खर्च निघत नाही.

हल्ली डब्याही बनावट येतात. त्यामुळे डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी आणि फोटो असेल तर त्यातल्या ओरखड्यांशी ताडून पाहायचं काम मुलीने अंगावर घेतलंय. पुण्या-मुंबईहून फोटो पाठवून भाव विचारणारेही वाढलेत. अस्सल-नकलीबद्दल शंका असेल तर कळवतो. भाव मात्र फोटोवरून सांगत नाही. दिव्याखाली नाणं हळूहळू फिरवल्यावर झळाळी कशी फिरते, हे प्रत्यक्षच पाहावं लागतं.