पासिंग कुणाच्या नावावर?

"मॅडम, छोटी गाडी घ्यायचीय. लीजवर घेऊ की सरळ विकत?"

हा प्रश्न मला वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतो. एकदा एप्रिलमध्ये, पगारवाढीची पत्रं हातात पडली की, आणि एकदा दसऱ्याच्या आधी. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत पगाराचं काम बघते. लीजचा अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातो, म्हणून विचारणाऱ्यांना वाटतं की मॅडम एका शब्दात सांगून मोकळ्या होतील. चहाच्या मशीनपाशी विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, एकदा तर एका बारशाला बाळाच्या बापानेच विचारलं, पाळणा चालू असताना. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला (पेट्रोलची गाडी असेल तर इंजिन १,२०० सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत), तेव्हापासून तर माझ्या टेबलापुढे रांगच लागलीय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकते.

उत्तर आधी, कारणं नंतर. गाडी छोटी असेल, ती पाच-सात वर्षं ठेवायचा विचार असेल आणि पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल, तर विकत घ्या. कर्ज काढून घ्या, वडिलांकडून उसने घेऊन घ्या, पण विकत घ्या.

आता कारणं. कंपनीतल्या लीजचा व्यवहार असा असतो: लीजवाले गाडी विकत घेतात, ती आपल्या कंपनीला भाड्याने देतात, कंपनी ती तुम्हाला वापरायला देते आणि भाडं तुमच्याच सीटीसीतून (कंपनी वर्षाला तुमच्यावर करते त्या एकूण खर्चातून) कापते. थोडक्यात, पैसे तुमचेच. कौतुक एवढ्याचंच की कापलेलं भाडं तुमच्या करपात्र पगारात येत नाही. त्याऐवजी, गाडी वापरायला मिळते म्हणून एक ठरावीक रक्कम पगारात मिळवली जाते. बरीच वर्षं १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला हा आकडा महिन्याला १,८०० रुपये होता, ड्रायव्हर दिला असेल तर वर ९००. नियम बदलले की आकडा बदलतो, पण कापलेल्या भाड्यापेक्षा तो बराच कमी असतो, आणि मधल्या फरकावरचा कर वाचतो. लीजचा सगळा गोडवा त्या फरकात आहे.

पण कर वाचायला आधी तो बसायला तर हवा! २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत मिळून कर शून्य होतो. पगारदाराला वर ७५ हजारांची प्रमाणित वजावट. म्हणजे पगार १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर एक रुपया कर नाही. अशा माणसाने लीज घेतली तर वाचणार काय? आणि सहा लाखांची हॅचबॅक घ्यायला येतो तो बहुतेक वेळा हाच माणूस. याउलट तीस लाख पगारवाल्याच्या वरच्या पैशावर सेससकट (म्हणजे करावरच्या उपकरासकट) ३१.२ टक्के कर जातो. महिन्याला १२ हजार जरी करातून सुटले, तरी त्याचे वर्षाला ४५ हजार वाचतात. तो मात्र माझ्याकडे हॅचबॅक घेऊन येत नाही, त्याला उंच गाडी हवी असते. लीजची योजना छोट्या गाडीच्या गिऱ्हाइकासाठी आखलेलीच नाही. ब्रोशरवर फोटो छोट्या गाडीचा छापतात, ते सोडा.

आमच्या टेस्टिंग टीममधला एक मुलगा गेल्या दसऱ्याआधी आला. मूळचा लातूरकडचा, पगार नऊ लाख. लीजवाल्याने त्याला पटवलं होतं: डाउन पेमेंट नाही, इन्शुरन्सची कटकट नाही, सर्व्हिसिंग त्यांचं, महिन्याला फक्त १४ हजार, चार वर्षं. "मॅडम, हातात एक रुपया नसताना गाडी मिळतेय." मी कागद पुढे ओढला.

सहा लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी. स्वतःच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ६६ हजार. कंपनीच्या नावावर पासिंग झालं तर २० टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार. वरचे ५४ हजार लीजवाला काही पदरचे भरत नाही, ते भाड्यातच असतात. शिवाय त्या भाड्यावर जीएसटी. गाडी विकत घेतानाही जीएसटी असतोच, पण तो गाडीच्या किमतीवर. कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. भाड्यात मात्र लीजवाल्याचं व्याज, त्याचा नफा, सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि कर त्या सगळ्या काल्यावर लागतो.

दुसऱ्या बाजूला पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण १०,४००. पाच वर्षांत व्याज जातं सव्वा लाखाच्या आत-बाहेर. वर ऑन-रोडचे उरलेले दोनेक लाख आपल्या खिशातून, दरवर्षीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंगही आपलंच. हे मी लपवत नाही. पहिली दोन वर्षं विकतची गाडी जड जाते, लीजची हलकी वाटते. पण पाच वर्षांनी बँक एनओसी देते, ३५ नंबरचा फॉर्म देते, आरसीवरचा बोजा उतरतो, आणि दारात एक चालती गाडी उरते. लीजचा चार वर्षांनी चावी परत देऊन निरोप घ्यायचा, नाहीतर उरलेली किंमत मोजून तीच गाडी पुन्हा घ्यायची आणि आरटीओत नाव बदलायला जायचं.

त्याला सगळ्यात जास्त पटलं ते घसाऱ्याचं. विमा कंपन्या गाडीची किंमत धरतात त्याचा तक्ता ठरलेला आहे: सहा महिन्यांच्या पुढे १५ टक्के घट, एक वर्ष झालं की २०, दोन झाली की ३०, तीन झाली की ४०, चार झाली की ५०. प्रत्यक्ष बाजारात छोटी गाडी यापेक्षा बरे पैसे देते, पण चाल तीच. सुरुवातीला कडा उतरल्यासारखी किंमत पडते, मग उतार सौम्य होतो. लीजवर असलेला माणूस दर चार वर्षांनी नव्या गाडीच्या कड्यावरून उतरत राहतो, आणि सहाव्या वर्षापासून पुढची स्वस्त वर्षं त्याच्या वाट्याला येतच नाहीत. छोट्या गाडीत सगळी मजा त्याच वर्षांची आहे. हप्ता संपलेला, ओरखड्यांची सवय झालेली, पार्किंगमध्ये कुणी घासून गेलं तरी रात्रीची झोप उडत नाही.

हे सगळं मी एवढ्या ठामपणे सांगते, कारण मी स्वतः लीज घेतली होती.

२०११ची गोष्ट. नोकरी आधीच्या कंपनीत, गाडी चार लाखांची, मुदत ४८ महिन्यांची. तेव्हा मी २० टक्के कराच्या पायरीवर होते आणि पगाराचं काम करणारी असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं मला वाटत होतं. वाचणारा कर मी एक्सेलमध्ये रुपयापर्यंत काढला होता. गाडी घरी आली, आईने ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली आणि सहज विचारलं, "पासिंग कुणाच्या नावावर झालं?" मी लीजवाल्यांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी लोकांच्या गाडीला ओवाळलं होय?" आम्ही सगळे हसलो.

त्या वर्षी मे महिन्यात गोव्याला निघालो. बांद्याच्या पुढे कागद तपासायला थांबवलं. आरसीवर तिसऱ्याचंच नाव, आणि कंपनीचं अधिकारपत्र घरी, फ्रिजवरच्या फाइलमध्ये. हवालदार सभ्य होते, पण "गाडी कुणाची?" या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर नव्हतं. मी लीज म्हणजे काय ते समजावत बसले, मागे मुलगी रडत होती, नवरा बिसलेरीची बाटली घेऊन झाडाखाली जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासाने ऑफिसातून फॅक्स की ईमेल काहीतरी आलं आणि सुटलो.

हे किरकोळ. खरा दणका पुढे बसला. चौदाव्या महिन्यात मला दुसरी नोकरी मिळाली, चांगली, घराजवळची. राजीनामा दिला आणि तेव्हा करारातलं ते पान वाचलं, जे सही करताना मी अंगठ्याखाली धरून उलटलं होतं. नोकरी सोडली की तीन वाटा. नव्या कंपनीने लीज आपल्याकडे घ्यायची, पण तिचा त्या लीजवाल्यांशी करारच नव्हता. गाडी परत द्यायची आणि दंड भरायचा. किंवा राहिलेली सगळी रक्कम फोरक्लोजरच्या, म्हणजे मुदतीआधी करार मिटवण्याच्या, शुल्कासकट भरून गाडी ठेवून घ्यायची. तीन लाखांच्या आसपास आकडा आला. फ्लॅटच्या इंटिरिअरसाठी ठेवलेली एफडी मोडली. नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यात लोक निरोपाचे फोटो काढत असतात, मी आरटीओ एजंटच्या मागे फिरत होते. चौदा महिन्यांत वाचवलेला कर त्या शुल्कात आणि नाव बदलण्याच्या खर्चात विरघळून गेला. यात कुणी फसवलं नाही. सगळं छापलेलं होतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत.

म्हणून आता मी लीजचा अर्ज घेताना पहिला प्रश्न पगाराचा विचारत नाही. विचारते, "चार वर्षं इथेच राहणार?" हिंजवडीत या प्रश्नावर मुलं अशी हसतात की उत्तर मिळून जातं.

आता न्यायाने बोलायचं तर लीज जिथे खरंच बसते तेही सांगायला हवं. एक चिंचोळा पट्टा आहे. समजा पगार साडेतेरा लाख. वजावट जाऊन पावणेतेरा लाख करपात्र, त्यावर सेससकट कर ७४,१०० रुपये. आता १४ हजारांच्या भाड्याने वर्षाला १ लाख ६८ हजार पगारातून बाहेर गेले आणि गाडी वापरण्याची ती ठरावीक रक्कम परत मिळवली, तरी उत्पन्न १२ लाखांच्या खाली येतं. कर शून्य. नऊ लाखवाल्याला जिथे दमडी वाचत नाही, तिथे याचे वर्षाला ७४ हजार वाचतात. अशा माणसाला मी स्वतः बोलावून लीज दाखवते. फक्त पुढच्या पगारवाढीत तो त्या पट्ट्याच्या वर सरकला की फायदा आक्रसतो, हेही सांगते. आणि एक अट सगळे विसरतात: ही सवलत गाडी ऑफिसच्या आणि घरच्या, दोन्ही कामांना वापरली जाते म्हणून आहे. पाचही दिवस घरून काम करणारा माणूस कोणत्या तोंडाने हे लिहून देतो, मला कळत नाही. देतात मात्र.

दुसरी माणसं म्हणजे दोन वर्षांसाठी पुण्यात आलेली किंवा व्हिसाच्या रांगेत उभी असलेली. त्यांनी विकत घेऊन मग जाताना घाईत विकण्यापेक्षा सबस्क्रिप्शन बरं, म्हणजे थेट महिन्याच्या भाड्याने गाडी. मारुतीनेच २०२०मध्ये पुण्यात अशी योजना आणली होती. आता इतरांच्याही आहेत. फक्त पाटी बघून घ्या. पांढरी असली तर ठीक. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला कळतं, आणि सोसायटीचा वॉचमन रोज "पाहुणे का?" विचारतो.

आणि काहींना मी तिसरंच उत्तर देते, ते त्यांना आवडत नाही. महिन्याला गाडी किती फिरणार? चारशे किलोमीटर, म्हणाला एकजण. १४ हजार भागिले चारशे, किलोमीटरला ३५ रुपये, पेट्रोल वेगळं. पुण्यात २०२२ साली रिक्षाचा दर ठरला तो पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे १७ रुपये. रिक्षावाला मीटरवर येत नाही हे मान्य, पण पस्तीस रुपयांतही येणार नाही इतका काही तो रुसलेला नसतो. तो म्हणाला, "पण मॅडम, मुली बघायला रिक्षाने जायचं?" यावर माझ्या एक्सेलमध्ये रकाना नाही.

लातूरच्या मुलाने अखेर विकत घेतली. डाउन पेमेंटसाठी दसरा चुकवला, पाडव्याला घेतली. पेढे घेऊन आला तेव्हा मोबाइलमध्ये वडिलांचा फोटो होता, धोतर-टोपीत, नव्या गाडीच्या दारावर हात ठेवून. मी पेढा तोंडात टाकेपर्यंत त्याने पुढचा प्रश्न काढला, पुढच्या वर्षी इन्शुरन्स शोरूममधूनच करू की बाहेरून?

माझी ती २०११ची गाडी अजून आहे. यंदा पंधरा वर्षं झाली, आरसीचं नूतनीकरण करायचं आलं. पाच हजारांचं शुल्क, वर पर्यावरण कर, आधी गाडी तपासून घ्यायची. आरटीओत इन्स्पेक्टर वाकून चेसिस नंबर बघत होते, आणि मधेच वर न बघता त्यांनी विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.